सौंसरमार्गे वेल्स: एका संपलेल्या मतदारसंघाच्या प्रकाशनाला

प्रकाशन पांढुर्ण्याला आहे म्हटल्यावर माझ्या नवऱ्याने फोनवर नकाशा उघडला आणि तो पांढुर्णा महाराष्ट्रात शोधू लागला. आधी अमरावतीत शोधलं, मग वर्ध्यात. शेवटी ते मध्य प्रदेशात सापडल्यावर त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मीच ते रात्रीतून तिकडे सरकवलं होतं.

"मराठी पुस्तकाचं प्रकाशन मध्य प्रदेशात?" तो म्हणाला. "आणि पुस्तक कशावर आहे?"

"वेल्सवर. युरोपीय संसदेत वेल्सचा एक मतदारसंघ होता, त्याचा इतिहास."

त्याने फोन ठेवला आणि पेपर उचलला.

मी मुद्रितशोधक आहे. पुण्यात घरी बसून लोकांच्या पुस्तकांतले ऱ्हस्व-दीर्घ सुधारते. मागच्या पावसाळ्यात माझ्याकडे सौंसरहून कुरिअरने एक बाड आलं होतं. लेखक प्राध्यापक नारायण चरपे, निवृत्त, राज्यशास्त्र. ज्यांच्याकडून मला कामं येतात ते प्रकाशक बाड देताना म्हणाले होते, "हे वाचणारी तू पहिली आणि बहुतेक शेवटची." मीही हसले होते. पुढे चार महिने मी त्या पुस्तकातले वेलांट्या-उकार बघत होते, पण मजकूर इतका नेटका होता की मध्येच विसरून नुसती वाचत बसायची. प्रकाशनाचं निमंत्रण आलं तेव्हा मी जायचं ठरवलं. संत्र्यांचे दिवस होते, हेही खरं कारण होतं. खोटं कशाला बोलू.

पहिला दिवस: नागपूर ते सौंसर

पुण्याहून रात्रीच्या गाडीने नागपूर. तिथून सौंसरला बसने जायचं. छिंदवाड्याकडे जाणाऱ्या बस दिवसभर मिळतात, दोनेक तासांत सौंसर येतं, आणि भाडं पुण्यातल्या रिक्षावाल्याला सांगितलं तर तो नाराज होईल इतकं कमी आहे. सकाळी निघा आणि सावनेरला गाडी थांबली तर तर्रीपोहे खा. तर्री, म्हणजे वरचा तिखट रस्सा, वेगळी मागायची. मी पुणेरी आत्मविश्वासाने "तिखट चालेल" म्हणाले आणि पुढची वीस मिनिटं खिडकीबाहेर तोंड करून बसले.

राज्याची सीमा कधी ओलांडली ते कळत नाही. कळतं ते पाट्यांवरून. मराठी पाट्या संपतात, हिंदी सुरू होतात, आणि बसमधली माणसं मात्र मराठीतच बोलत राहतात. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा, मध्ये वेचून झालेल्या कपाशीची करडी शेतं. रस्ता चांगला आहे. इतका चांगला की महाराष्ट्रातली माणसं सीमेवर थोडी खजील होतात, निदान मी झाले.

शेजारी बसलेली बाई बोरगावला उतरणार होती. तिने सरळ चौकशी सुरू केली.

"कोनाकडं जाऊन राहिल्या?"

"चरपे सरांकडे. सौंसरला."

"विलायती सर?" ती म्हणाली. "माह्या भावाले शिकवलं त्याईनं. लय चांगले. फक्त त्याईले विलायतच्या निवडणुकीचं इचारू नोका. तुमची बस सुटंन."

सर स्वतः बसस्टँडवर घ्यायला आले होते. सत्तरी ओलांडलेला, बारीक अंगाचा माणूस, स्वेटर, मफलर, आणि हातात माझ्यासाठी दोन संत्री. नमस्कार वगैरे होण्याच्या आधीच त्यांनी ती माझ्या हातात दिली.

"सोला अन् खा. मग घरी जाऊ."

घर दोन खोल्यांचं होतं. दुसऱ्या खोलीत वेल्स राहत होतं. भिंतीवर वेल्सचा नकाशा, कपाटात वेल्स, खाटेखाली वेल्स. छापून आलेल्या पुस्तकाचे खोकेही तिथेच रचलेले. सरांच्या पत्नी सुमनकाकू मला म्हणाल्या, "तुमी समोरच्या खोलीत झोपा. तिकडं गेल्या तर खासदारायच्या मधात झोपा लागंन."

संध्याकाळी अंगणात बसून सरांनी मला अख्खा इतिहास सांगितला. मी तो चार वेळा तपासला होता, तरी ऐकला. तुम्हीही ऐका, थोडक्यात सांगते. युरोपातल्या अनेक देशांचा एक संघ आहे आणि त्यांची मिळून एक संसद आहे. ब्रिटन तिच्यात होतं तेव्हा वेल्सच्या लोकांनाही तिथे खासदार निवडून देता यायचे. सुरुवातीला वेल्सचे तुकडे केलेले होते, एका तुकड्याला एक खासदार. मग तुकडे मोडून सगळ्या वेल्सचा एकच मतदारसंघ केला. माणसाला मत द्यायचं बंद झालं, पक्षाच्या यादीला द्यायचं सुरू झालं. आपला खासदार कोण, हे लोकांना आधीही धड माहीत नव्हतं, आता तर विचारायचीही सोय राहिली नाही. आणि ही संसद दर महिन्याला बाडबिस्तरा बांधून एका शहरातून दुसऱ्या शहरात बैठकीला जाते.

"बाजारासारखी," काकू म्हणाल्या. "सोमवारी इथीसा, शुक्रवारी तथी."

"तसंच," सर गंभीरपणे म्हणाले. "मग ब्रिटननं मतदान घेतलं का या संघात राहाचं का नाही. वेल्समधल्या जास्ती लोकाईनं सांगितलं, नाही राहाचं. ज्याईचा मतदारसंघ होता त्याईनंच तो बंद केला, मॅडम. मी तवा सातवं प्रकरण लिहून राहिलो होतो. रिटायर मी झालो होतो, माहा विषय माह्या मागून झाला."

"पण सर, वेल्सच का?" मी विचारलं.

"नागपूरच्या लायब्ररीत पुस्तकं होती," ते म्हणाले आणि चहाचा कप उचलला. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं.

थोड्या वेळाने मी मोठेपणाने म्हणाले की त्या लोकांचं मला वाईट वाटतं, स्वतःची भाषा, स्वतःचा मुलूख, आणि सगळे निर्णय दुसऱ्याच्या राजधानीत. सर हसले. "आमी नागपूरचेच होतो," ते म्हणाले. "नागपूर तवा या राज्याची राजधानी. मग राज्यं नवीन केली अन् नागपूर आमाले सोडून गेलं. आमी होतो तथीच आहो."

जेवायला भाकरी, वांग्याचं भरीत, सांबारवडी. सांबार म्हणजे इकडे कोथिंबीर. हे ठाऊक नसेल तर तुम्ही माझ्यासारखे पंधरा मिनिटं वाटीची वाट पाहाल. जेवताना काकूंनी पुस्तक उघडून प्रस्तावना वाचली आणि मिटवली.

"हे तुमी सुधारलं का मॅडम?"

"हो. थोडं प्रमाण मराठीत आणलं."

"यायच्या हातचं वाटत नाही. पुन्याहून जावई आल्यावानी बोलते हे पुस्तक."

सरांनी प्रस्तावना आपल्या बोलीत लिहिली होती. "मी हे लिहून राहिलो" पासून सुरुवात. मी ती पानभर लाल करून "लिहीत आहे" केली होती. तेव्हा त्यांनी फोन करून विचारलं होतं की तेवढी प्रस्तावना राहू देता येईल का, आणि मी त्यांना नियम समजावला होता. वेल्सच्या लोकांची भाषा शाळेत कशी दाबली गेली यावरचं त्यांचं प्रकरण मी त्याच आठवड्यात तपासलं होतं. डोळ्यांत पाणी आणून तपासलं होतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे हे मला सौंसरच्या त्या ताटावर बसेपर्यंत सुचलं नव्हतं. मी सॉरी म्हटलं. सर म्हणाले, "भरीत घ्या."

दुसरा दिवस: पांढुर्णा

सौंसर ते पांढुर्णा तासाभराचा रस्ता. वाटेत जामसावळीला मारुती आहे, आडवा पहुडलेला. बसण्या-उठण्याच्या भानगडीत न पडणारा देव मी पहिल्यांदाच पाहिला. मंगळवार-शनिवार गर्दी असते, इतर दिवशी जा. पांढुर्णा आता जिल्ह्याचं ठिकाण आहे, छिंदवाड्यातून वेगळं काढलेलं, आणि सौंसर या नव्या जिल्ह्यात. सौंसरच्या माणसापुढे हा विषय काढू नका. कापूस आणि संत्र्यांनी भरलेल्या गाड्या, गर्दीचा बाजार, आणि दर दुसऱ्या दुकानावर "जिला पांढुर्णा" असं नव्या रंगात लिहिलेलं. मी पुण्याची आहे म्हटल्यावर तीन वेगवेगळ्या माणसांनी मला गोटमार बघायला यायचं निमंत्रण दिलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे नदीच्या दोन काठांवरून लोक एकमेकांना दगड मारतात. मी म्हणाले, मी पुस्तकाच्या प्रकाशनाला आलेय. त्यांना माझी काळजी वाटली.

कार्यक्रम एका लग्नाच्या लॉनवर होता. लॉन, मांडव, जेवण, सगळी सोय भैयाजींची. भैयाजी म्हणजे इथले एक इच्छुक नेते. पुढच्या वेळी तिकीट आपल्यालाच, असं ते गेली बरीच वर्षं सांगत आहेत. सरांचे ते जुने विद्यार्थी. सरांचं पुस्तक "मतदारसंघाच्या इतिहासावर" आहे एवढंच त्यांच्या कानावर गेलं होतं.

आम्ही पोचलो आणि मंचावरचा बॅनर पाहिला. त्यावर भैयाजी हात जोडून उभे होते, चांगले आठ फूट उंच. खाली हिंदीत लिहिलं होतं, "हमारे क्षेत्र का गौरवशाली इतिहास: ग्रंथ विमोचन". कोपऱ्यात पासपोर्ट आकाराचे सर. वेल्स कुठेच नव्हतं.

सर बॅनरकडे बघत उभे राहिले.

"घरी जाऊ का?" काकूंनी हळूच विचारलं.

"मॅडम पुन्याहून आल्या," सर म्हणाले आणि खुर्चीवर जाऊन बसले.

तेवढ्यात भैयाजींचा माणूस आला. सगळे त्याला गुड्डूभाऊ म्हणत होते. त्याच्या हातात पुस्तकाची प्रत होती आणि चेहऱ्यावर घाम. तो सकाळपासून पुस्तक चाळत होता आणि त्याला भैयाजी सापडले नव्हते.

"सर, हे तर बाहेरच्या देशाचं आहे."

"हाव."

"मग भैयाजी काय बोलतील?" त्याने जरा विचार केला आणि मग खाली वाकून मुद्द्याचं सांगितलं. दुसऱ्या आवृत्तीत भैयाजींच्या कार्यावर एक प्रकरण घाला. जिल्ह्यातल्या सगळ्या शाळा-कॉलेजांच्या लायब्ररीत पुस्तक पोचवायचं काम भैयाजींचं. नाहीतर खोके घरीच राहतील.

तो गेल्यावर सरांनी माझ्याकडे पाहिलं. आता मी काय सल्ला दिला ते लिहायला मला लाज वाटते, पण लिहिते. मी म्हणाले, "हो म्हणा सर. परिशिष्ट म्हणून चार पानं टाकू. मी भाषा बघते. निदान पुस्तक मुलांच्या हातात तरी जाईल." मला ते खोके दिसत होते, खाटेखाली जाणारे. सरांनी मफलर काढून घडी केली आणि काकूंच्या हातात दिली.

निमंत्रणपत्रिकेवर अकराची वेळ होती. भैयाजी दीडला आले. तोपर्यंत कॉलेजची मुलं हजेरी लावून अर्धी झाली होती, पण मंडईत माल टाकून आलेले शेतकरी जेवणासाठी थांबले होते, आणि मागच्या रांगांत बायका बऱ्याच होत्या. दिवा लागला. हार, शाल, श्रीफळ झालं. सूत्रसंचालकाने भैयाजींची ओळख इतकी लांबवली की सरांची करून द्यायची राहूनच गेली.

भैयाजींनी पुस्तकावरची फीत सोडली, प्रत छातीशी धरून फोटो काढून घेतला, आणि मग कुतूहलाने उघडली. मंचाच्या अगदी खाली बसल्यामुळे मला त्यांचा चेहरा दिसत होता. त्यांनी पहिलं पान पाहिलं, मधलं पाहिलं, शेवटी नावांची सूची पाहिली. मग गुड्डूभाऊकडे पाहिलं. गुड्डूभाऊ पंख्याकडे बघत होता.

पण राजकारणात इतकी वर्षं काढलेला माणूस असा अडकत नाही. भैयाजी माइकवर गेले आणि झकास बोलले. अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत.

"देखो, सरांनी पूरी दुनिया की स्टडी केली. विलायत लिहिली. लेकिन मी सरांना सांगून राहिलो, आपला क्षेत्र काय कमी आहे? आपलाही इतिहास लिहा. आज मी इथे सगळ्यांसमोर घोषणा करतो. सरांचं पुढचं पुस्तक आपल्या सौंसर-पांढुर्ण्यावर राहील. पूरा सहयोग माझा."

टाळ्या पडल्या. भैयाजी खाली बसले. सरांना बोलायला पाच मिनिटं देण्यात आली.

सर उठले. त्यांनी माइक खाली करून घेतला, त्यालाही थोडा वेळ लागला.

"मॅडमनं मले काल इचारलं का वेल्सच काऊन," ते म्हणाले. "मी खोटं सांगितलं का लायब्ररीत पुस्तकं होती. खरं आता सांगतो. मी तरुण होतो तवा मले आपल्याच भागावर लिहाचं होतं. इथं कोन निवडून आलं, काय बोलून आलं, अन् काय करून गेलं. माहे गाइड म्हणाले, चरपे, हे नोको करू. यातले लोक जिवंत हायेत, नोकरी जाईन. असा मतदारसंघ पाहा का जथी तुले कोनी ओळखत नाही. मी नकाशात दूरचा पाहिला. पूर्ण उमर तिकडची निवडणूक लिहिली, कारण इथली लिहाले मी भेत होतो."

जेवणाच्या मांडवात कोणीतरी भांडं आपटलं.

"आज भैयाजीनं चार लोकायसमोर मले परवानगी देली. मी त्यायचा आभारी हाय. तर मी लिहितो. उद्यापासून. वचनं काय देली होती, हे मी पेपरातून काढीन. ती झाली का नाही, हे तुमाले घरोघरी येऊन इचारीन. भैयाजीनं बी बहुत वचनं देली हायेत, ते बी लिहीन. त्यायनं पूरा सहयोग देतो म्हटलं, म्हणून सुरुवात त्यायच्याच घरापासून करीन."

आधी मागच्या रांगेतल्या बायका हसल्या. मग शेतकरी. मग टाळ्या सुरू झाल्या आणि भैयाजींच्या टाळ्यांपेक्षा त्या जास्त वेळ चालल्या. भैयाजीही वाजवत होते, काय करणार, फोटोवाला समोर होता. सर जागेवर येऊन बसले. काकूंनी मफलर त्यांच्या गळ्यात घातला आणि म्हणाल्या, "पानी प्या." मी माझ्या चार पानांच्या परिशिष्टाबद्दल कोणापाशी बोलले नाही. जेवण उत्तम होतं. पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा मी दोनदा घेतला. भैयाजी जेवायला थांबले नाहीत.

पांढुर्णा स्टेशन नागपूर-इटारसी मार्गावर आहे, परतीला नागपूरची गाडी इथूनच पकडता येते. सर आणि काकू सोडायला आले. मी सरांना विचारलं की भीती वाटत नाही का.

"वाटते," ते म्हणाले. "पर आता नोकरी नाही ना. पेन्शनले कोन हात लावते?"

"अन् लावला तर?" काकू म्हणाल्या.

"तर त्याचं बी एक प्रकरण होईन."

पुणे

आता हिशोब, म्हणजे काय राहिलं त्याचा. मोठ्या पिशवीतून मी आणलेली संत्री चार दिवसांत संपली. नागपुरातून विकत घेऊन "सौंसरची" म्हणून सांगू नका, फरक कळतो. जायचं तर जानेवारीत जा. सौंसरला मोठी हॉटेलं नाहीत, मुक्काम पांढुर्ण्यात किंवा सरळ नागपुरात करा. बघायला काय आहे, असं विचाराल तर मला नीट सांगता येणार नाही. बागा आहेत, आडवा मारुती आहे, आणि दोन राज्यांच्या मधोमध आरामात राहणारी एक भाषा आहे.

प्रकाशकांनी दुसऱ्या आवृत्तीचं नाव काढलेलं नाही. बरेचसे खोके घरीच आहेत. प्रस्तावना आहे तशी, माझ्या हातची, छापलेली आहे, आणि ती बघितली की मला अजून चुटपुट लागते.

महिन्याभराने काकूंचा फोन आला. गुड्डूभाऊ घरी येऊन गेला होता. भैयाजींचा निरोप होता की इतिहास आहे, त्याला घाई कशाला, निवडणूक होऊ द्या. सरांनी त्याला चहा दिला आणि मग त्यालाच चार प्रश्न विचारले. त्याने दोनांची उत्तरं दिली, असं काकू म्हणाल्या, आणि त्यातलं एक खरं होतं.

"अन् मले बी कामाले लावलं," त्या म्हणाल्या. "मानसं सांगते कोन जिंकलं. नळ कोनच्या साली आला अन् कोनी आनला, हे बायाले इचारा लागते. सर बाहेर बसते, मी अंदर जाते."

मग फोन सरांनी घेतला. त्यांना तुलनेसाठी एका मोठ्या शहरातली माहिती हवी होती. "मॅडम, तुमच्या वार्डात मागच्या खेपेले कोन निवडून आलं होतं? अन् त्याईनं काय केलं?"

मी म्हणाले, बघून सांगते. मला वाटलं पाच मिनिटांचं काम आहे. नवऱ्याला माहीत नव्हतं. शेजारच्या जोशांनी एक नाव सांगितलं, ते शेजारच्या वार्डातलं निघालं. शेवटी खालच्या इस्त्रीवाल्या काकांना विचारलं.

"कोणत्या वेळचं विचारताय ताई?" ते म्हणाले. "मधली तीन-चार वर्षं तर महापालिकेची निवडणूकच झाली नव्हती. नगरसेवकच नव्हता आपल्याला. तुम्हाला कळलं नाही?"

मी सरांना फोन करून तसंच सांगितलं, मला कळलं नव्हतं हेही सांगितलं. पलीकडून कागदाचा आवाज आला. ते लिहून घेत होते.

"जरा हळू सांगा मॅडम," सर म्हणाले. "तुमचं पूर्ण नाव टाकू का निस्तं 'पुन्याच्या एक मतदार' लिहू?"